दे इकडे

“दे इकडे.”

हे दोन शब्द कानावर पडले की समजावं, कुणाच्या तरी हातातल्या सुया गेल्या.

बारा-पंधरा वर्षांमागची गोष्ट. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या जलद लोकलमध्ये, बायकांच्या सेकंड क्लासच्या डब्यात, खिडकीपासून दुसऱ्या जागेवर ती बसायची. खिडकी मिळत असली तरी घ्यायची नाही, कारण खिडकीशी डावं कोपर अडतं. (खिडकी नाकारणारी बाई मी आयुष्यात ती एकच पाहिली.) आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो. होती एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. शाळेशी संबंध म्हणाल तर पोरांची फी भरण्यापुरता. पण अंगात मास्तरकी असली की फळा-खडूवाचून काही अडत नाही. तिला दोन सुया, एक लोकरीचा गुंडा आणि एक गाफील बाई एवढं पुरत असे.

गाफील बाई म्हणजे जिचे हात रिकामे आहेत ती. डब्यात कुणी मेथी निवडत असेल, शेंगा सोलत असेल, गुरुचरित्राची पोथी वाचत असेल, तिच्या वाटेला मास्तरीण जायची नाही. पण एखादी मांडीवर पर्स धरून नुसतीच बाहेर बघत बसली, की झाकण न ठेवलेल्या दुधाकडे सासूने बघावं तशी मास्तरीण तिच्याकडे बघायची. मग ठाणं यायच्या आत विचारणा होई. “विणता येतं का गं?” याला ‘हो’ म्हटलं तर “दाखव बरं” आणि ‘नाही’ म्हटलं तर “शिकवते ना मी!” तिसरं उत्तर नव्हतं. एकीने झोपेचं सोंग घेतलं, तर मास्तरणीने तिच्या खांद्याची रुंदी टेपने मोजून ठेवली.

तिची पिशवी हे एक प्रकरण होतं. उदबत्तीच्या पुठ्ठ्याच्या लांबट नळकांड्यात सुयांच्या जोड्या. झाकणाला भोक पाडलेल्या बरणीत गुंडा, म्हणजे तो लोकलभर गडगडत जाऊन कुणाच्या तरी चपलेखाली सापडत नाही. मंगळसूत्राला चार सेफ्टी पिना. तशा त्या आपल्या सगळ्यांच्याच मंगळसूत्राला असतात, कुणाचा हूक निघाला, कुणाच्या साडीची निरी सुटली म्हणून. मास्तरणीच्या पिनांवर मात्र मधूनमधून आठ-दहा टाके लटकलेले दिसायचे. गळा विणताना मधले टाके थोपवून धरायचे असतात, ते तिने सरळ सौभाग्यालंकारात अडकवून ठेवलेले. आणि अंबाड्यात खोचलेली क्रोशाची सुई. कुणाचा टाका गळला रे गळला, की हात मागे जाऊन ती सुई तलवारीसारखी बाहेर यायची.

गळलेला टाका उचलताना तिला बघावं. टाका म्हणजे शेवटी काय, एका फासातून ओढून काढलेला दुसरा फास. खालचा वरच्याच्या भरवशावर उभा. एक सुटला की खालचे भराभर सुटत जातात आणि कापडात आडव्या दोऱ्यांची एक शिडी उभी राहते. शिकणारीचा जीव घाबरा होतो. मास्तरीण क्रोशाच्या टोकात तळाचा फास धरायची, शिडीची एक पायरी त्यातून ओढायची, मग दुसरी, मग तिसरी. मुलुंडला निखळलेला टाका भांडुपला सुईवर. चेहऱ्यावर काही नाही. समोरची बाई “कसं केलंस?” म्हणेपर्यंत क्रोशा पुन्हा अंबाड्यात.

तेव्हा जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. एखाद्या दिवशी डब्यातले दिवे लागायचे नाहीत आणि मग बोगद्यात मिट्ट काळोख. बायका पर्सवर हात ठेवून गप्प. त्या काळोखात, गाडीच्या खडखडाटातूनही, ॲल्युमिनियमच्या सुयांची बारीक टिकटिक चालूच असे. उजेडात आलो की तिची अर्धी सुई पुढे सरकलेली. (विणणाऱ्या बायका ओळीला ‘सुई’ म्हणतात. “दोन सुया सुलट, एक सुई उलट.” मला हे कळायला आठवडा गेला. तोवर मी तिसरी सुई शोधत होते.)

मुंबईत लोकर कशाला, असं परगावचा माणूस विचारील. रास्त प्रश्न आहे. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, आणि ते जानेवारी १९६२ मध्ये. पण मास्तरणीचा हिशेब वेगळा. एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं, आणि झालं तर तुम्ही सगळ्या काय घालणार? त्या एका रात्रीच्या तयारीसाठी तिने बंड्या विणल्या, कानटोप्या विणल्या, मफलर विणले. माणसं संपली तेव्हा पाण्याच्या बाटलीला झबलं घातलं. टीव्हीच्या रिमोटला पिशवी केली, आणि मग घरातल्यांनी त्या पिशवीत रिमोट शोधायचा की पिशवी शोधायची यावरून तिच्याकडे रोज रात्री वाद होई. पुण्याच्या सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे एकीने तिला सांगितलं. दुसरी कुणी असती तर हात जोडले असते. मास्तरणीने विचारलं, “बाह्या किती काढतात?”

माझी पाळी यायला कारण झालं माझं तोंड. भाचीला सातवा लागला होता. मी सहज बोलून गेले, “बाळाला स्वेटर घेईन म्हणते. दादरला तयार छान मिळतात.”

डबा गप्प झाला. शेंगा सोलणारीने शेंग हातातच धरली.

“घेशील?” मास्तरीण म्हणाली. “विकत?”

आमच्यात एक फिजिक्सच्या प्राध्यापिका होत्या. माझी बाजू घ्यायची म्हणून त्यांनी सांगितलं की मोजे विणायचं यंत्र इंग्लंडात १५८९ सालीच निघालंय. विल्यम ली नावाच्या पाद्र्याने ते केलं, आणि म्हणतात की पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारलं, हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून. झालं उलटंच. मास्तरणीने तेवढंच उचललं. “बघा. राणीलासुद्धा कळत होतं.” आणि माझ्याकडे वळून, “शनिवारी हाफ डे आहे ना तुझा? लोकर घ्यायला जाऊ.”

लोकरीच्या दुकानात मास्तरीण म्हणजे कांद्याच्या लिलावातला व्यापारी. आधी लडी गालाला लावली. मग ओढली. मग तिच्यावरची चिठ्ठी नाकाशी नेऊन वाचली. रंग तोच असला तरी रंगवलेला लॉट वेगळा असेल तर छटा बदलते, तेव्हा लागेल तेवढी सगळी एकाच लॉटची, एकदमच घ्यायची. नाहीतर पाठ लिंबाच्या रंगाची आणि बाह्या लिंबाच्या लोणच्याच्या. दुकानदार म्हणाला, “ताई, प्युअर वूल आहे, लुधियानाचा माल.” मास्तरणीने एक वीतभर धागा तोडला आणि त्याच्याच गणपतीपुढच्या उदबत्तीच्या निखाऱ्याला लावला. खरी लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. हा धागा वितळला आणि टोकाला एक काळा टणक मणी झाला. तिने तो मणी काउंटरवर ठेवला.

“भाऊ, ही मेंढी कुठल्या कारखान्यात चरते?”

एवढं करून घेतली तीच लोकर. बाळाचे कपडे दिवसातून तीनदा धुवावे लागतात, खरी लोकर टोचते आणि धुतल्यावर आटते, तेव्हा बाळाला ॲक्रिलिकच बरं, हे तिला घरातून निघतानाच ठाऊक होतं. मग उदबत्तीचा खटाटोप कशाला? “त्याला कळायला नको, की आपल्याला कळतं?”

सुया १० नंबरच्या. इथे एक भानगड सांगायला हवी, कारण तिने एका संसारात कलह लावला होता. आपल्याकडच्या सुया जुन्या इंग्रजी मापाच्या. नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीनची, १२ नंबर पावणेतीनची. अमेरिकेत याच्या नेमकं उलट, तिथे नंबरबरोबर सुई जाड होत जाते आणि तिथली ८ नंबर ५ मिलिमीटरची. आमच्यातल्या एकीला न्यू जर्सीच्या नणंदेने टोपीचा नमुना पाठवला. ८ नंबर म्हटलं म्हणून हिने आपली ८ नंबर घेतली, लोकरही बारीक घेतली, आणि नमुन्याबरहुकूम टाके मोजून नवऱ्याची टोपी विणली. ती नारळाला बसली. नणंदेने मुद्दाम चुकीचा नमुना पाठवला असं हिचं म्हणणं. दोघी दोन वर्षं बोलत नव्हत्या. टोपी पुढे कलशावरच्या नारळाला कायमची झाली.

सोमवारी माझा पहिला पाठ. “साठ टाके,” मास्तरीण म्हणाली, आणि घालायला तिनेच घेतले. “सुरुवात चांगल्या हाताने व्हावी.” दिवा स्टेशन यायच्या आत साठ टाके सुईवर हजर. मग शिकवणी. ती अशी: “सुई आत घाल, दोरा वरून घे, बाहेर काढ, सोड. झाला सुलट. आता सुई अशी, दोरा पुढे, असं, असं, सोड. झाला उलट. संपलं. विणकामात एवढंच आहे. बाकी सगळं यातूनच.” म्हणणं खरंही आहे. फार काय, ते दोन टाकेसुद्धा दोन नाहीत. सुलट टाका मागून बघितला की उलट दिसतो आणि उलट मागून सुलट. जगातले सगळे स्वेटर एकाच फासातून निघालेत. पण हे ज्ञान मला फार उशिरा झालं. त्या दिवशी मला फक्त “असं, असं” ऐकू आलं. हा विणकाम शिकवणाऱ्या तमाम बायकांचा मूलमंत्र. त्यांची बोटं बोलतात आणि तोंड नुसतं होकार भरतं.

मी एक सुई विणली. घामाने लोकर ओली. प्रत्येक टाका असा आवळलेला की त्यातून सुई शिरायला नवस बोलावा लागावा. मास्तरणीने मोजले. “सदुसष्ट.”

“अगं, साठच होते!”

“मग सात कुठून आले?”

हे सात कुठून येतात हे प्रत्येक शिकाऊ बाईला पडलेलं कोडं. दोरा सुईवरून मागे ओढला गेला की ओळीचा पहिला टाका दोन पायांवर उभा राहतो आणि एकाचे दोन दिसतात. आपण ते दोन्ही विणतो. मध्येच दोरा चुकून सुईवर चढला की त्याचाही एक टाका होतो. चौकोन विणायला घ्यावा आणि पंखा व्हावा, तो असा. शाळेत आम्हाला कार्यानुभवाच्या तासाला रुमालाएवढा नमुना विणायचा होता, त्यात माझा असाच पंखा झाला होता. तो पुढे आत्याने उसवून दिला, म्हणजे तिनेच विणून दिला, आणि मला दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क बहुधा आत्याच्या घाईपोटी गेला.

मग टेप निघाली. “हे बघ. माझ्या हाताचे इंचाला सहा टाके पडतात. साठ टाके म्हणजे दहा इंच, बाळाची पाठ झाली. तुझे पडतायत आठ. साठ टाके म्हणजे साडेसात इंच. यात बाळ नाही जायचं गं, बाळाचा पाय जाईल.” आणि मग, अगदी मायेने, उजवा हात पुढे करून:

“दे इकडे.”

मी दिलं. न देणारी बाई जन्मायची होती. तिने माझी सुई उसवली आणि घाटकोपर यायच्या आत तिथे चार नव्या, सारख्या, मऊ सुया उभ्या केल्या. मी बघत होते. “बघ, बघ. बघूनच येतं,” ती म्हणत होती. संध्याकाळी ती पिशवीच घरी घेऊन गेली, “जरा सारखं करून आणते.” सोमवारी बॉर्डर होती, मंगळवारी पाच इंच पाठ झाली. बुधवारी मी हट्टाने दोन सुया विणल्या आणि गुरुवारी मुंढ्याचा उतार पडला होता.

हीच तिची पद्धत होती. डब्यात तिच्या आठ-नऊ शिष्या. सगळ्यांचे स्वेटर वेळेवर पूर्ण होत, आणि विणकाम कुणालाही येत नसे. प्राध्यापिका बाई तर शिकायच्या ऐवजी कारणं विचारायच्या. मग स्वतःच सांगायच्या की साध्या कापडात धागे ताणलेले सरळ असतात, म्हणून ते ताणलं जात नाही. विणलेल्यात सगळे फास, तेव्हा ओढलं की धागा लांबत नाही, फासाचा नुसता आकार बदलतो. मास्तरीण ऐकून घ्यायची. “हे वर्गात सांगा. इथे तिसरा टाका गळलाय. द्या इकडे.” एक कविता करणारी होती. तिने पहिल्याच दिवशी विणकाम बघून ‘नात्यांची वीण’ असं काहीतरी म्हटलं. मास्तरणीने तिला शिष्या करून घेतलं नाही. नात्यांची वीण म्हणणाऱ्या बाईने आयुष्यात एक मोजा विणलेला नसतो, असं तिचं मत. मी ते तपासून पाहिलंय. खरं आहे.

तिला सगळ्यात आनंद उसवण्याचा. कुणाचा नवरा जाड झाला, कुणाचा मुलगा उंच झाला, की जुना स्वेटर डब्यात यायचा. मास्तरीण शिवणी कापायची, टोक शोधायची आणि सरसर ओढायची. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी निघते. तिच्या लड्या करायच्या, धुवायच्या, ओल्या असतानाच खाली काहीतरी वजन लावून टांगायच्या, म्हणजे वळ निघतात. लड्या करायला कुणाचे तरी दोन हात लागतात. एकदा समोर एक परकी बाई बसली होती. मास्तरीण तिला म्हणाली, “हात पुढे करा.” तिने केले. लोकल असो की कचेरी, हुकमी आवाजात सांगितलं की आपण हात पुढे करतोच. मास्तरणीने तिच्या मनगटांभोवती लोकर गुंडाळायला घेतली. घाटकोपर आलं. “अहो, मला उतरायचंय!” “थांबा, वीस वेढे राहिलेत.” बेड्या घातल्यासारखी ती बाई कुर्ल्यालाही बसून राहिली. दादरला सुटली, उलट दिशेची गाडी धरून परत गेली. दुसऱ्या दिवशी आपणहून आमच्या डब्यात आली. तिला १२ नंबरच्या सुया हव्या होत्या.

भाचीच्या बाळाचं बारसं भर वैशाखात झालं. मास्तरणीला बोलावणं अर्थात होतंच. घुगऱ्या वाटून झाल्या, बाळाला कुंची घातली, आणि मग कुणाला तरी स्वेटरची आठवण झाली. लिंबाच्या रंगाचा, पुढे जाळीची नक्षी, मोत्याची बटणं. पंखा पाचवर केला, बाळाला स्वेटरात घातलं, फोटो काढला आणि “काढा, काढा” म्हणत लगेच बाहेर काढलं. एवढ्या दोन मिनिटांसाठी लोकलच्या चाळीस फेऱ्या खर्ची पडल्या होत्या.

“कुणी विणलं गं?” भाचीच्या सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरीण पुढे झाली. “हिने. पहिलाच आहे तिचा. हात चांगला आहे.” सासूबाईंनी स्वेटर हातात घेऊन उलटा केला, शिवण बघितली, टाके बघितले. सगळं एकसारखं. फक्त पाठीवर, मुंढ्याच्या जरा खाली, दोन सुया आवळलेल्या, किंचित तिरक्या. माझ्या बुधवारच्या. मास्तरीण एकेका टाक्यासाठी दुसऱ्याचं अर्धं कापड उसवते हे मी रोज पाहत होते. या दोन सुया तिच्या नजरेतून सुटल्या असतील हे शक्य नव्हतं. जिन्यात मी तिला विचारलंच.

“ठेवल्या मुद्दाम. सगळंच छान झालं असतं तर तू केलंस यावर कुणाचा विश्वास बसला असता?”

काम आपण करायचं आणि नाव मात्र दुसरीचं लावायचं, ही उलटी चोरी मी आणखी कुणात पाहिली नाही. डब्यातली प्रत्येक बाई आपापल्या घरी विणकामात निष्णात म्हणून ओळखली जायची. दिवाळीत जावा-नणंदा “मलाही शिकव ना” म्हणत आणि आमच्या पोटात गोळा येई.

खरं विणकाम येणारी शिष्या तिने एकच घडवली, आणि तीही चुकून. एका बँकेत नुकतीच लागलेली मुलगी, डावखुरी. मास्तरीण तिला म्हणाली, “प्रसाद उजव्या हाताने घे, टाका डाव्याने घेतलास तरी चालेल.” तिला आपल्या समोरच्या बाकावर बसवलं. “आरशात बघितल्यासारखं कर.” ही युक्ती अगदी शास्त्रशुद्ध. आपले टाके डाव्या सुईवरून उजवीवर जातात. समोर बसून तसंच्या तसं केलं की तिचे उजवीवरून डावीवर. मुलगी करायला लागली. अडखळली. मास्तरणीचा हात नेहमीसारखा पुढे आला.

“दे इकडे.”

तिने दिलं. मास्तरणीने सुया हातात घेतल्या आणि थांबली. दोरा भलत्या सुईला. निम्मे टाके भलत्या बाजूला. तिने कापड फिरवलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाली, “ओळ पूर्ण कर, मग बघते.” ओळ पूर्ण झाल्यावर तिने एक सुई स्वतः विणली, तर सगळे टाके पाय दुमडून बसल्यासारखे पिळलेले. त्या नीट कापडात ती एकच ओळ मेल्याहून मेल्यासारखी दिसत होती. डब्याने पहिल्यांदाच मास्तरणीला स्वतःची ओळ उसवताना पाहिलं. कुणी काही बोललं नाही. शेंगा सोलणारीने मात्र त्या दिवशी सगळ्यांना दोन-दोन शेंगा जास्त दिल्या.

त्यानंतर त्या मुलीचं चुकायचं ते चुकायचं, गळायचं ते गळायचं. मास्तरीण समोर बसून बघायची. हात नुसते शिवशिवायचे. कधी पदराचं टोक पिळायची, कधी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. “आता सोड... अगं, सोड... नाही, तो नाही...” तोंडानेच सांगायला लागल्यावर तिला “असं, असं” पुरेना, शब्द शोधावे लागले. ‘दोरा सुईच्या मागे’, ‘टाक्याचा पुढचा पाय’, ‘डावीकडून उजवीकडे नाही, तुझ्या उजवीकडून’. दीड महिन्यात त्या पोरीने वडिलांची बंडी पूर्ण केली. पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत स्वतःची. पुढे तिने वेण्यांच्या पिळाचा स्वेटर काढला, तो बघायला शेजारच्या डब्यातल्या बायका आल्या.

मी त्यावरून धडा घेतला. बारशानंतरच्या सोमवारी तपकिरी लोकरीचा गुंडा आणि ८ नंबरच्या सुया स्वतः विकत आणल्या. आमच्या ह्यांचा मफलर. घरी बसून, चहा निवेपर्यंत खटपट करून, तीस टाके स्वतः घातले. लोकलमध्ये चढले, मास्तरणीच्या शेजारची माझी जागा सोडून समोर जाऊन बसले आणि टाक्यांची सुई उजव्या हातात, मोकळी सुई डाव्या हातात धरली.

मास्तरणीने बघितलं. मग नीट बघितलं.

“तू डावखुरी कधी झालीस?”

“आजपासून.”

तिचा हात उठला, अर्ध्यावर आला आणि परत मांडीखाली गेला. डबा बघत होता. सुई आत, दोरा वरून, बाहेर, सोड. डाव्या हाताला जेवायचा चमचा नीट धरता येत नाही, त्याला मी ॲल्युमिनियमची सुई धरायला लावली होती. पारसिक गेला, ठाणं गेलं. मुलुंडच्या पुढे पहिली सुई पूर्ण झाली. मोजले. चौतीस. पण चौतीसच्या चौतीस माझे. मी मान वर केली. मास्तरीण ओठ घट्ट मिटून छताच्या पंख्याकडे बघत होती. तिला उसवता येणार नव्हतं, तिला सारखं करता येणार नव्हतं, आणि तसं करता येत नाही हे तिला आणि मला, दोघींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात पुढे आला. डावा.

“द्या इकडे, काकू.”